रोबोटचा हात घेण्याआधी त्याची बोटे तपासा

मा. संपादक,
स. न.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्यांत कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) उचलून मोल्डमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यात, बसवायला रोबोट घ्यावा का, हा विषय आता वरचेवर निघतो. बोलणे होते ते हाताची पोहोच किती, किती किलो पेलतो, एक फेरी किती सेकंदांत होते यावर. ग्रिपरच्या, म्हणजे पकडणाऱ्या पंजाच्या, बोटांना काही कळते का, हे कोणी विचारत नाही. कोअर मोडतो तो मात्र बोटांतच.

साधा हिशेब आहे. ६०० ग्रॅमच्या कोअरचे वजन सुमारे ५.९ न्यूटन. (१ न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅमचा भार.) दोन बोटांत धरला आणि घर्षणांक ०.३ असला, तर तो निसटू नये म्हणून प्रत्येक बोटाचा दाब निदान १० न्यूटन हवा. हात झटक्यात वर गेला, म्हणजे त्वरण सेकंदवर्गाला ५ मीटर धरले, तर १५. त्यावर दीडपट राखीव धरली तर २२. आता बोटे मिटवणारा २० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) हवेचा सिलिंडर ५ बार दाबावर किती जोर देतो? १५७ न्यूटन. गरजेच्या सातपट! भरीव कोअर तेवढे सोसतो. वॉटर जॅकेटच्या (इंजिनात पाणी फिरण्याच्या पोकळीच्या) बारीक पायांच्या कोअरला मात्र केसाएवढी चीर जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ओतकामात धातू त्या चिरेत शिरून पापुद्रा धरतो, सुटलेली वाळू कास्टिंगमध्ये अडकते आणि खोट उघडी पडते ती मशिनिंगला. तोवर वीज, माल, मजुरी सगळे खर्ची पडलेले असते.

कोअर बसवणाऱ्या कामगाराचे हात जरा निरखून पाहा. बोटे आधी नुसती टेकतात. मग दाब आणि उचल बरोबरीने वाढत जातात. लागेल तेवढाच जोर, वर थोडी राखीव. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात रोलँड योहान्सन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे मोजून दाखवले: वस्तू किंचित घसरली की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत पकड आपोआप घट्ट होते, आणि बोटे बधिर केली की हा ताळमेळ बिघडतो. गुऱ्हाळावर गार पाण्यात पाकाची गोळी वळून बघणाऱ्या गुळव्याच्या बोटांचे मोल आपल्याला कळते. कोअर शॉपमधल्या बोटांचेही तेवढेच मानले पाहिजे.

यंत्राला यातले दोन गुण देणे उद्यमनगरातल्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपला जमण्यासारखे आहे. पहिला दाबाचा. बोटाच्या मुळाशी ५ किलोचा लोडसेल (भार मोजणारा सेन्सर) आणि त्याचा संकेत आकड्यांत बदलणारे एचएक्स७११ हे छोटे कार्ड. हे कार्ड बऱ्याचदा सेकंदाला १० वेळाच वाचते अशा जोडणीत मिळते. त्याची ‘रेट’ पिन वर ओढली की ८० वेळा वाचते. दाब समजायला तेवढे पुरते, घसरण समजायला नाही. दुसरा गुण घसरण ओळखण्याचा. घसरणीची थरथर फार जलद असते. तिच्यासाठी बोटावरच्या सिलिकॉनच्या २-३ मिमी गादीखाली २७ मिमीची पिझो चकती (थरथरली की विजेचा संकेत देणारी) ठेवावी, तिला समांतर १ मेगाओहमचा रोध लावावा आणि सेकंदाला निदान हजार वेळा वाचावी. चकती स्थिर दाब सांगत नाही, म्हणून लोडसेल सोडून चालत नाही. रोबोटच्या मोटारींची थरथरही तिच्यात उतरते. आधी हात रिकामा फिरवून ती नोंदवावी आणि घसरणीची मर्यादा तिच्या वर ठेवावी.

पण पकड कमी-जास्त करता येत नसेल तर हे सगळे वाया. हवा एकतर पूर्ण चालू नाहीतर बंद, अशा व्हॉल्व्हवर सेन्सर लावून उपयोग नाही. मोठ्या सिलिंडरचा दाब १ बारच्या खाली आणला तर सील अडकून तो झटके देतो. त्यापेक्षा १० मिमी बोअर घ्या. ३ बारवर सुमारे २४ न्यूटन मिळतात. त्यावर प्रपोर्शनल रेग्युलेटर बसवला की दाब कामाप्रमाणे बदलता येतो.

फौंड्रीत बिघाडही ठरलेले असतात. सिलिकॉनमध्ये चुंबक पुरून त्याची हालचाल हॉल सेन्सरने वाचणारी ‘कातडी’ प्रयोगशाळेत उत्तम चालते, पण बिडाचे कास्टिंग जवळ आले की चुंबकक्षेत्र बदलते आणि ती खोटे बोलते. जेलमागे कॅमेरा ठेवण्याची पद्धत बारीक आकार सुरेख टिपते, मात्र वाळू जेलचा पृष्ठभाग लवकर खरवडते. गादी स्वतः ओतणार असाल तर कोअर शॉपपासून लांब ओता: प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन कोअर घट्ट करायच्या रसायनांतल्या गंधक किंवा अमाईनच्या संपर्कात आले की चिकटच राहते. शेल कोअर (तापलेल्या साच्यात घट्ट केलेला) गरम असताना उचलायचा असेल तर गादीखालच्या सेन्सरची तापमानमर्यादा आधी पाहा. गादी दोन स्क्रूंनी निघेल अशी ठेवा, ती झिजणारच.

त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वी उद्योजकांनी विक्रेत्याकडून आपल्याच कोअरवर चाचणी करून घ्यावी. घर्षणांक काढणे सोपे आहे. फळीला बोटावरचेच रबर चिकटवायचे, कोअर ठेवायचा, एक बाजू हळूहळू उचलायची. ज्या कोनाला घसरेल त्याचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. १७ अंशांना घसरला तर ०.३. मग रबरावर चिमूटभर सुटी वाळू टाकून हेच पुन्हा करायचे. कण गोट्यांसारखे फिरतात आणि कोन खाली येतो. हिशेब त्या खालच्या आकड्यावर मांडावा, आणि ग्रिपरची चाचणीही बोटांवर वाळू असतानाच घ्यावी.

आपला,
फौंड्री ऑटोमेशनचे काम करणारा एक अभियंता,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर