शून्य आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रत्येक व्हेरिएबलला डीफॉल्ट, म्हणजे आरंभीची ठरावीक, किंमत दिली की नलचा, म्हणजे ‘किंमतच नाही’ या खुणेचा, प्रश्न उरतच नाही, अशा आशयाचे विधान आपल्या पुरवणीतील प्रोग्रॅमिंगविषयक लेखात वाचले. ते मला पटले नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल संदर्भ (कोणत्याच वस्तूकडे बोट न दाखवणारा संदर्भ) आणला आणि २००९ मध्ये त्यालाच स्वतःची ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटले, हे खरे. परंतु ‘किंमत नाही’ असे सांगता येणे ही माझ्या मते चूक नव्हतीच. कोणत्याही संदर्भात नल शिरू शकतो आणि टाइपकडे (व्हेरिएबलच्या जाहीर केलेल्या प्रकाराकडे) पाहून ते कळत नाही, ही चूक होती.

जावा या भाषेत क्लासच्या पूर्णांक फील्डला (वस्तूबरोबर साठवल्या जाणाऱ्या व्हेरिएबलला) किंमत दिली नाही, तर भाषा स्वतःहून ० भरते. मेथडमधला (क्लासमधल्या एखाद्या कृतीमधला) स्थानिक व्हेरिएबल मात्र किंमत दिल्याशिवाय जावाचा कंपायलर (प्रोग्रॅम चालण्याआधी तो तपासून भाषांतरित करणारा) वाचू देत नाही. मला हा दुसरा नियम अधिक शहाणपणाचा वाटतो. परीक्षेला न बसलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांच्या जागी ० राहिला, तर तो नापास ठरतो, वर्गाची सरासरी घसरते आणि प्रोग्रॅम जराही कुरकुर न करता चालत राहतो. नलमुळे प्रोग्रॅम निदान कोसळतो आणि चूक कोणत्या ओळीवर आहे ते कळते. खोटा शून्य अहवालांतून बिनबोभाट फिरत राहतो.

सी शार्प या भाषेत २००५ पासून पूर्णांकाच्या टाइपनंतर प्रश्नचिन्ह लावून ‘किंमत नसूही शकेल’ असे जाहीर करता येते. कोटलिन आणि स्विफ्ट या भाषांमध्ये हा भेद सर्वच टाइपांना लागू आहे, आणि अशी किंमत न तपासता वापरली तर कंपायलर अडवतो. सी शार्पने २०१९ मध्ये संदर्भ टाइपांसाठीही ही सोय आणली खरी, पण तेथे नियम मोडल्यास एरवी नुसता इशारा मिळतो. गंमत म्हणजे नल न चालणाऱ्या स्ट्रिंगचा (मजकुराच्या टाइपचा) १० जागांचा ॲरे (ओळीने मांडलेल्या जागांचा संच) तयार केला, तर दहाही जागांत नलच असतो आणि इशाराही येत नाही!

डीफॉल्ट किमतींना माझा सरसकट विरोध नाही. मोजणी ० पासून सुरू व्हावी, यादी आरंभी रिकामी असावी, कारण तेथे ती किंमत खरीच असते. कंपायलरची तक्रार मिटवण्यासाठी रिकामी स्ट्रिंग किंवा ० भरून मोकळे होण्याची सवय मात्र आपल्या लेखात उपाय म्हणून मांडली गेली आहे. नवशिक्या वाचकांसाठी पुढील अंकात तिची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक प्रोग्रॅमर वाचक