कार्बोरेटरला हात लावण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायकलला बसवायच्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या घरगुती दुरुस्तीवरचा आपल्या पुरवणीतील लेख उपयुक्त आहे. पण त्यातली एक सूचना इंजिनाच्या जिवावर बेतणारी आहे. मूठ सोडल्यावरही रेस खाली येत नसेल तर आयडल स्क्रू (रिकाम्या चालीचा वेग ठरवणारा) ढिला करा, असे त्यात म्हटले आहे. स्क्रू फिरवल्याने आवाज उतरतो, दोष तसाच राहतो. केबल अडकत नसेल आणि कार्बोरेटरची स्लाइड (मूठ पिळली की वर उचलली जाणारी हवेची झडप) पूर्ण खाली बसत असेल, तर इंजिन एखाद्या जोडातून 'एअर घेतंय', म्हणजे बाहेरची हवा आत ओढतंय, असे समजावे. ही दुरुस्ती वाचकांपर्यंत जावी म्हणून हे पत्र.

टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच आत जाते. जोडातून हवा शिरली की कार्बोरेटरवरची ओढ कमी होते, पेट्रोल कमी येते आणि त्याच्याबरोबर तेलही. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापते आणि नेमके तेव्हाच पिस्टनला वंगण कमी पडते. मग ते जाम होते आणि दोष पिस्टनच्या दर्जावर ढकलला जातो. इतर खुणाही ठरलेल्या असतात: आयडल कधी चढते, कधी पडते; गरम इंजिनसुद्धा चोक अर्धा लावल्यावर बरे चालते; प्लगचे पांढरे सिरॅमिक तपकिरी न होता पांढरेच राहते.

शोध सोपा आहे. इंजिन आयडलवर ठेवून साबणाचे पाणी फवारणीच्या बाटलीतून एकेका जोडावर थोडे थोडे मारावे. आधी कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणाऱ्या तुकड्याच्या) नळीवर बसतो ती जागा, मग मॅनिफोल्डचे पॅकिंग, शेवटी सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग. ज्या जागी पाणी पडताच रेस बदलते, तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर वापरतात. बोटभर अंतरावर तापलेला सायलेन्सर असताना हा उद्योग करू नये. ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या बाजूला मात्र पाणीही मारू नये. कॉइल भिजली तर इंजिन अडखळते आणि गळती सापडल्याचा भास होतो.

क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी ऑइल सीलचा संशय असेल तर दाबाची चाचणी घ्यावी. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे रबर व पट्टी लावून बंद करायची, पिस्टन पूर्ण खाली आणायचा (म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस यांना जोडणारे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून क्रँककेसही भरते) आणि प्लगच्या भोकातून ५ ते ६ पीएसआय हवा भरायची. काटा ५ मिनिटे जागेवर राहिला पाहिजे. दाब याहून वाढवू नये, चांगले सीलही बाहेर ढकलले जाते.

सर्वाधिक गळती कार्बोरेटरच्या गळ्यापाशीच सापडते. तो नळीवर शेवटपर्यंत न ढकलताच क्लॅम्प आवळलेला असतो. आतल्या खांद्यावर पेट्रोल सोसणारी ओ-रिंग बसवून कार्बोरेटर घट्ट टेकवला की काम होते. मॅनिफोल्डची फ्लँज (पॅकिंगवर टेकणारी सपाट कड) वाकडी असेल तर जाड काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ती आठच्या आकड्यात घासावी, शेवटी ४०० नंबर. सगळीकडे सारखी चकाकी येईपर्यंत. पॅकिंग नवे घालावे. साधे सिलिकॉन फासू नये. पेट्रोलने ते फुगते, सुटते आणि त्याचे धागे आत ओढले जातात. ६ मिमीच्या नटाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. दोन्ही नट आलटून पालटून आवळावेत, कारण ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की पाना ठेवून बसावे लागते.

हेडच्या बाबतीत एक बारकावा लेखात राहून गेला आहे. या इंजिनांचे लांब स्टड (दांड्यासारखे बोल्ट) हेड आणि सिलिंडर दोन्हींतून आरपार जातात. कार्बन काढण्यासाठी हेडचे नट सोडले की सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंगही मोकळे होते. म्हणून बुडाचे नवे पॅकिंग हाताशी असल्याशिवाय हेड उघडू नये. बसवताना ८ मिमीचे नट आमनेसामने, तीन फेऱ्यांत, १८ ते २० न्यूटन-मीटरपर्यंत न्यावेत; इंजिन एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

सील बदलताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे येते आणि ओठाला आधी ग्रीस लागते. क्रँकवरचे छोटे गिअर पुलरनेच (खेचून काढायच्या हत्यारानेच) काढावे. क्रँक दाबून जोडलेला असतो, हातोडीच्या एका घावाने तो वाकडा होतो आणि नवे सीलही मग टिकत नाही.

एवढे करूनही गळती परत येत असेल तर इंजिनाची पकड पाहावी. फ्रेम आणि माउंट यांच्यामध्ये रबर घालण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. इंजिन हलत राहते, स्टड तुटतात, जोड सुटतात. धातूवर धातू घट्ट बसलेला बरा. चेनचा टेन्शनर सरकून स्पोकमध्ये जाणार नाही, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. गेला तर चाक जागच्या जागी अडकते.

कार्बोरेटरची पाळी यानंतर. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी, नवा प्लग घालून एक मोठी फेरी, मग रंग पाहणे. अजूनही पांढरा असेल तर कार्बोरेटरमधल्या नीडलची (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली. नीडल वर येते, पेट्रोल वाढते. काळा आणि ओला असेल तर उलट. तेलाचे प्रमाण नव्या इंजिनाला लिटरला ५० ते ६० मिली, नंतर ४० मिली टूटी (टू-स्ट्रोकचे) ऑइल. तापते म्हणून तेल वाढवत नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की तेल वाढले की त्याच जेटमधून (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या छिद्रातून) पेट्रोल कमी जाते, म्हणजे मिश्रण आणखी लीन होते.

आपले,
छोट्या इंजिनांची दुरुस्ती करणारे काही वाचक