आकाशातला गट नंबर दाखवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या गच्चीवर येऊन मला आणि माझ्या लेकीला आकाश वाचायला शिकवलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र. समोर मानायला गेलो की तुम्ही विषय बदलून चहा मागता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय.

नाशिकजवळच्या मखमलाबादला द्राक्षबाग असणाऱ्याच्या कितीतरी रात्री उघड्यावरच जातात. शेतीची लाईट रात्रीची असली की मोटार चालू करायला उठायचं, थंडीत पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवायच्या. तारे डोक्यावर असायचेच. पण लेकीला एखादा दाखवायचा तर ‘तो बघ, शेवग्याच्या वर, जरा डावीकडे’ याच्या पुढे गाडी जात नव्हती, आणि ती भलताच तारा बघत बसायची.

तुम्ही पहिल्याच संध्याकाळी आम्हाला हात सरळ लांब करून मूठ धरायला लावलीत. मूठ म्हणजे दहा अंश, मधली तीन बोटं पाच, करंगळी एक. मुलीची मूठ लहान, पण हातही त्याच मानाने आखूड, म्हणून माप जुळतं, असं तुम्ही म्हणालात. तिला ते पटेना. उत्तरेला, रामशेज किल्ल्याच्या बाजूला तोंड करून तिने क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत ध्रुव गाठला: दोन मुठी. मग तुम्हाला मोजायला लावलं. तुमच्याही दोनच. ‘हे नाशिकचे अक्षांश, 20,’ तुम्ही म्हणालात. शाळेच्या नकाशातला आकडा असा गच्चीवरून मोजता येतो, हे मला या वयात कळलं. (ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आत आहे, मुठीच्या मापात तेवढं चालतं.)

क्षितिजापासूनची उंची ते उन्नतांश, उत्तरेपासून पूर्वेकडे फिरत मोजायची दिशा ते दिगंश, आणि बरोबर डोक्यावरचा बिंदू खस्वस्तिक. एवढ्या शब्दांवर आमचं ‘शेवग्याच्या वर’ संपलं. पण तासाभराने तोच तारा दुसरीकडे गेलेला, तेव्हा लेक वैतागली. तिथे तुमची मोजणी खात्यातली सगळी नोकरी कामाला आली. बांधापासून विहीर किती पावलं हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, जमिनीचा गट नंबर मात्र सगळ्यांना एकच. उन्नतांश-दिगंश ही पावलं झाली. ताऱ्याचा गट नंबर म्हणजे विषुवांश आणि क्रांती. विषुवांश वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून, पूर्वेकडे तासांत मोजायचे, एका तासाला 15 अंश, आणि क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या) उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश.

तेव्हापासून आम्ही क्रांतीवरून हिशेब घालतो. स्वातीची क्रांती उत्तर 19 अंश, म्हणजे नाशिकला ती याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येते तेव्हा खस्वस्तिकापासून करंगळीएवढीच दूर. मेच्या शेवटी रात्री साडेदहाच्या सुमारास बागेत उताणं पडून बघावं. अगस्त्याची क्रांती दक्षिण 53 च्या जवळ, म्हणून तो पावणेदोन मुठींच्या वर कधी चढतच नाही. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी जो आधी उगवतो तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, त्यामुळे तो बरोबर पूर्वेला उगवतो. माझ्या बागेच्या ओळी खरोखर पूर्व-पश्चिम आहेत का, हे मी त्याच्यावरून ताडून पाहिलं. कागदावर नसलेलं हे सुख तुमच्यामुळे मिळालं.

आणि मृग! ‘मृग लागला’ म्हणत आमच्या पिढ्यांनी पेरण्या केल्या, पण मृग आकाशात दिसतो थंडीत, आणि लागतो जूनमध्ये, हे कोडं मला कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. सूर्य वर्षभर ज्या वाटेने ताऱ्यांमधून सरकतो ते आयनिकवृत्त, त्याचे 27 भाग केले की एकेक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं (60 कला म्हणजे एक अंश), आणि सूर्याला एक ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात. जूनमध्ये सूर्य मृगात असतो, मग मृग दिवसा उगवून दिवसा मावळणारच. पाऊस नक्षत्रावर येत नाही, पण नक्षत्र बघून तारीख कळते, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. दोन्ही गोष्टी सांगणारी माणसं मला फार कमी भेटली.

काका, तुम्ही एकदाही ‘अवघड आहे, मोठी झालीस की कळेल’ म्हणाला नाहीत. पोरीच्या प्रत्येक प्रश्नाला तिच्या उंचीपर्यंत वाकून उत्तर दिलंत. आता ती शेजारच्या मुलांना मुठी धरायला लावते आणि चुकलेल्याचं कोपर स्वतः सरळ करते, अगदी तुमच्यासारखं.

20 मेच्या आसपास सूर्याची क्रांती नाशिकच्या अक्षांशाएवढी होते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. लेकीने काठी, ओळंबा आणि खडू आतापासून काढून ठेवलेत. त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच या, काकूंना घेऊन.

आपला,
मखमलाबादचा तुमचा बागायतदार शेजारी