नूडल्सच्या रेसिपीत आधी नूडल्सबद्दल लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात नूडल्सची रेसिपी आली की मी ती हमखास वाचते, कापून पण ठेवते, आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. साहित्यात चार सॉस, तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या, सगळं व्यवस्थित मोजून दिलेलं असतं आणि नूडल्सबद्दल मात्र एवढंच, की "नूडल्स शिजवून घ्या". अहो, पण पदार्थ बिघडतो तो तिथेच ना! एकदा लगदा झाला की वरून कितीही सॉस ओता, काही उपयोग नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण जमलं तर छापा.

पाणी भरपूर आणि खळखळ उकळलेलं पाहिजे. कमी पाण्यात टाकल्या की सुटलेला स्टार्च तिथेच दाट होतो आणि सगळं एकमेकांना चिकटतं. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत त्याच्या एक मिनिट आधी काढा, कारण पुढे कढईत त्या शिजतच राहतात. आता धुवायच्या की नाही, यावर घराघरात वाद होतात पण उत्तर सोपं आहे. मोठ्या आचेवर परतायच्या असतील किंवा थंड खायच्या असतील तर गार पाण्याखाली धुवा, वरचा चिकटपणा जातो आणि त्या मोकळ्या राहतात. सॉस किंवा लसूण-तेल अंगाला लागायला हवं असेल तर अजिबात धुवू नका, तो चिकटपणाच तर सॉस धरून ठेवतो. आणि तांदळाच्या पातळ नूडल्स गव्हाच्या नूडल्ससारख्या उकळत बसू नका, कडक गरम पाण्यात भिजवून ठेवा, वाकायला लागल्या की काढा, बाकीचं काम कढईत होतं. मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक असतात त्यांचंही तसंच.

दुसरं म्हणजे नूडल्स उकळलेलं पाणी. चाळणीत ओतण्याआधी एक कप बाजूला काढून ठेवा, प्लीज! इटलीत लसूण आणि ऑलिव्ह ऑइलची स्पॅगेटी करतात ना, आल्यो ए ओल्यो, त्यात बाकी काही म्हणजे काहीच नसतं, थोडी लाल मिरची फक्त. गार तेलात लसणाचे काप टाकून मंद आचेवर हलका रंग येऊ द्यायचा, मग स्पॅगेटी आणि हे पाणी थोडं थोडं घालत जोरात हलवायचं, की स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं आणि चकचकीत सॉस तयार. दहा-बारा मिनिटांत जेवण! माझा सगळ्यात आवडता प्रकार मात्र शेंगदाण्याचा. दोन मोठे चमचे पीनट बटर, एक चमचा सोया सॉस, लिंबू, चिमूटभर साखर, किसलेला लसूण आणि तेच गरम पाणी घालून सैल करायचं, वरून काकडीचे लांब काप आणि कांद्याची पात. गॅस फक्त नूडल्स उकळायलाच लागतो.

इन्स्टंट नूडल्सना सगळे नावं ठेवतात, मला ते पटत नाही. 1958 मध्ये जपानच्या इकेदा शहरात मोमोफुकू आंदो यांनी घरामागच्या शेडमध्ये खपून त्या पहिल्यांदा बनवल्या, तेव्हा ते 48 वर्षांचे होते. नूडल्स आधी वाफवायच्या आणि मग तळायच्या, तळताना आतलं पाणी उडून बारीक बारीक छिद्रं राहतात, नंतर गरम पाणी त्यात शिरलं की नूडल्स मऊ होतात. म्हणजे ती वडी मुळात शिजलेलीच असते! मग ती सोबतच्या पुडीबरोबरच खायची असं कुठे आहे? मीठ मुख्यतः त्या पुडीत असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. मी पुडी अर्धीच घालते, कधी घालतच नाही, आलं-लसूण परतून पाणी घालते, त्यात पालक आणि एक अंडं फोडून सोडते, झाकण ठेवून दोन मिनिटं. पोटभरीचं होतं आणि चव आपल्या हातात राहते. कोरडी वडी चुरून तेलात तिळाबरोबर खरपूस परतली आणि बारीक चिरलेल्या कोबीच्या सॅलडवर टाकली तर काय सुंदर लागते, फक्त अगदी वाढताना टाका नाहीतर मऊ पडते. तोच चुरा कटलेटला ब्रेडक्रम्सऐवजी लावता येतो.

आता उरलेल्या नूडल्स, या विषयावर तर खरंच एक अख्खं पान व्हायला हवं. गार झालेल्या नूडल्स पुन्हा परतत बसू नका, पॅनमध्ये तेल तापवून त्या पसरा, उलथन्याने दाबा आणि पाच-सहा मिनिटं हात लावू नका. हलवायचा मोह होतो पण नाही! खालून सोनेरी झालं की ताट ठेवून उलटा. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वर रस्सेदार भाज्या. चीनमध्ये शांघायच्या बाजूला हा प्रकार जुना आहे, त्याच्या नावाचा अर्थच "दोन्ही बाजू पिवळ्या". फेटलेल्या अंड्यात घालून जाड ऑम्लेट करा. जपानमध्ये तर परतलेल्या नूडल्स लांब ब्रेडमध्ये भरून खातात, आणि हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीत, म्हणजे तिकडच्या जाड धिरड्यात, कोबीबरोबर नूडल्सचा एक पूर्ण थर असतो. 2013 मध्ये केझो शिमामोतो या शेफनी न्यूयॉर्कमध्ये पावाच्या जागी रामेनच्या, म्हणजे जपानी गव्हाच्या नूडल्सच्या, दाबून भाजलेल्या चकत्या वापरून बर्गर विकला आणि लोकांनी रांगा लावल्या. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांमधलं कुगेल पण आहे, अंडी, दूध, साखर, दालचिनी घालून ओव्हनमध्ये भाजलेलं नूडल्सचं गोड पुडिंग.

रामेन नूडल्स नसतील तर बारीक स्पॅगेटी घ्या, उकळत्या पाण्यात लिटरमागे दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा टाका. पाणी फेसाळतं, पातेलं मोठं घ्या. रामेनला जो पिवळसर रंग आणि ताण असतो तो क्षारांमुळेच येतो, सोड्याने साधारण तसंच होतं. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा मोजूनच. आणि घरी बनवायच्याच असतील तर 200 ग्रॅम मैदा, दोन अंडी, चिमूटभर मीठ, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा, पातळ लाटा, भरपूर पीठ भुरभुरून घडी घाला आणि सुरीने कापा, दोन-तीन मिनिटांत शिजतात. मशीन लागत नाही. चीनमधल्या लाजिया इथल्या उत्खननात उपड्या पडलेल्या वाडग्याखाली साधारण 4000 वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्या, त्यांच्याकडे कुठलं मशीन होतं!

कच्ची स्पॅगेटी पण कामाची आहे बरं का. काचेच्या बरणीतल्या मेणबत्तीची वात खोल गेली की काडी पोचत नाही, तेव्हा स्पॅगेटीचं टोक पेटवून लावा, छान पेटते. केक आतून झालाय का हेही तिने टोचून बघता येतं.

तर विनंती एवढीच, की पुढच्या वेळी नूडल्सची रेसिपी छापाल तेव्हा पाणी किती, मिनिटं किती, धुवायच्या की नाही आणि उरल्या तर काय करायचं, या चार गोष्टी आधी लिहा. जागा कमी पडली तर सजावटीची ओळ काढून टाका.

आपली नियमित वाचक