पिंक शीटवर सही कुणाची

टेमा, घाना, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आई, आधी तुझ्यासाठी. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तू सांगितलंस म्हणून निवडणुकीच्या आठवड्यात दहा किलो कणीक भरून ठेवली होती. आमच्या गल्लीत साधी बाचाबाचीही झाली नाही, कणकेत मात्र अळ्या पडल्या. सध्या सहाराकडून येणारी हरमॅटनची धूळ आहे. सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळपर्यंत खडूने भरलेल्या फळ्यासारखं होतं आणि ओठ फुटतात. तू दिलेलं साजूक तूप पोळीपेक्षा ओठांनाच जास्त लागतंय.

बाकीचं पत्र बाबांसाठी आहे, तू वाचून दाखव. बाबा, मागे फोनवर इथल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत हरलेल्या बावुमियांबद्दल तुम्ही म्हणालात, "निकाल जाहीर व्हायच्या आधीच कुणी हार मानतो का? आतून दबाव असणार." तेवढ्यात फोन कटला. त्या एका वाक्याचं उत्तर मी चार दिवस मनात लिहितेय.

मतदान ७ डिसेंबरला, शनिवारी होतं. इथे निवडणुकीची तारीख आधीपासून ठरलेली असते, दर चार वर्षांनी हीच, त्यामुळे कुणाच्या सोयीने पुढेमागे होत नाही. आमच्या घरासमोरच्या शाळेच्या पटांगणात, आंब्याखाली केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन टेबलं, पुठ्ठ्याचा आडोसा, बोटाचे ठसे तपासायचं एक यंत्र आणि दोन पारदर्शक पेट्या, एक राष्ट्राध्यक्षासाठी, एक खासदारासाठी. लोक पहाटे चारपासून रांगेत. काहींनी रात्रीच नंबर लावून दगड ठेवले होते, आपल्याकडे टँकरपाशी हंडे ठेवतात तसे. मी परदेशी, तेव्हा दिवसभर फाटकाबाहेर घरमालकिणीच्या टपरीवर बसून होते. पाच वाजता मतदान बंद झालं आणि मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं.

पेटी तिथेच उघडली. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उचलून सगळ्यांना दिसेल अशी डोक्यावर धरत होता. छत्री असेल तर विरोधी एनडीसीचं मत, हत्ती असेल तर सत्तेतल्या एनपीपीचं. आणि दोरीपलीकडचे दीड-दोनशे लोक एका सुरात मोजत होते. आकडा चुकला की सगळे ओरडत आणि केंद्राध्यक्ष निमूट मागे येऊन पुन्हा मोजत असे. अंधार पडला तसे लोकांनी मोबाईलचे दिवे वर धरले. शेवटी निकाल एका फॉर्मवर चढला. फॉर्म गुलाबी असतो म्हणून सगळे त्याला 'पिंक शीट' म्हणतात. त्यावर केंद्राध्यक्षाची सही, पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या, आणि प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती एकेक प्रत. प्रत हाती पडायच्या आत फोटो काढून पक्षाच्या कार्यालयाकडे रवाना.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, बाबा. देशभरात अशी चाळीस हजारांहून जास्त केंद्रं होती. दोन्ही मोठ्या पक्षांकडे जवळपास सगळीकडच्या पिंक शीट जमा झाल्या, दोघांनीही रात्रभर बेरीज केली. एनपीपीचे उमेदवार, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष बावुमिया रविवारी सकाळी टीव्हीवर आले आणि म्हणाले की आमच्या आकड्यांप्रमाणे एनडीसीचे महामा जिंकले आहेत, मी त्यांना फोन केला. निवडणूक आयोगाने निकाल सोमवारी संध्याकाळी सांगितला: महामा ५६.५५ टक्के, बावुमिया ४१.६१. मोठेपणा होताच, नाही म्हणत नाही. पण खिशात स्वतःच्याच माणसांनी सही केलेला कागद असल्यावर नाकारायचं तरी काय?

तुमची हरकत मला इथूनच ऐकू येतेय. मतपेट्यांच्या काळात तुम्ही तालुक्याला मोजणीला जायचात तेव्हा वेगवेगळ्या गावांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या आणि मग मोजायच्या, कारण कुठल्या गावाने कुणाला दिलं हे कळलं की पाच वर्षं त्या गावाचा रस्ता व्हायचा नाही. इथे तर गल्लीने काय केलं हे गल्लीला त्याच रात्री कळतं. मी हा मुद्दा आमच्या गोदामाच्या सुपरवायझरपुढे ठेवला. तो कट्टर छत्रीवाला. म्हणाला, "मॅडम, रस्ता तसाही होत नाही. निदान मत तरी डोळ्यांसमोर मोजलं जाऊ दे." यावर मला काही सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

पण हे सगळं कायम असंच गोडीगुलाबीचं नव्हतं. १९९२ मध्ये लष्करी राजवटीनंतरची पहिली निवडणूक त्याच राजवटीचे प्रमुख रॉलिंग्ज जिंकले, तेव्हा फसवणूक झाली म्हणत विरोधकांनी संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कारच टाकला होता. २०१२ मध्ये महामा थोड्या फरकाने जिंकले आणि एनपीपी सर्वोच्च न्यायालयात गेली, अकरा हजारांवर पिंक शीट घेऊन. आक्षेप काय, तर कुठे नोंदीपेक्षा जास्त मतं, कुठे ठसा न तपासता मतदान, आणि कुठे केंद्राध्यक्षाची सहीच नाही! (तुमची आठवण आली. "सही राहिली तर नोकरी राहत नाही" असं म्हणत तुम्ही निवडणुकीच्या आदल्या रात्री आरशासमोर बसून सगळे फॉर्म पुन्हा वाचायचात. आरशासमोर का, ते अजून कळलेलं नाही.) खटला कित्येक महिने चालला आणि अख्खा टीव्हीवर थेट दाखवला. इथले लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. रस्त्याकडेला रेडिओभोवती घोळका करून लोक पिंक शीटचे नंबर ऐकायचे. एनपीपीकडून साक्षीला उभे होते तेच बावुमिया. उलटतपासणीत ते पुनःपुन्हा सांगत की केंद्रावर तुम्हीही नव्हता, मीही नव्हतो, कागद काय सांगतो ते बघा. "यू अँड आय वेअर नॉट देअर" हे वाक्य इथे म्हण झालंय. ऑफिसात कुणाचा डबा गायब झाला तरी हेच ऐकायला मिळतं. तेव्हाचे निवडणूक आयुक्त अफारी-जान हेही पिंजऱ्यात उभे राहिले, वकिलांनी त्यांना सोललं. २९ ऑगस्ट २०१३ ला निकाल महामांच्या बाजूने लागला. एनपीपीचे हरलेले उमेदवार आकुफो-आडो म्हणाले, निकाल पटलेला नाही, पण मान्य आहे.

२०२० ला पारडं फिरलं. आकुफो-आडो राष्ट्राध्यक्ष, महामा हरलेले. आयोगाच्या अध्यक्ष जीन मेन्सा यांनी निकाल सांगताना एकूण वैध मतांचाच आकडा चुकवला, दुसऱ्या दिवशी पत्रक काढून दुरुस्त केला. महामा न्यायालयात गेले. त्यांच्या वकिलांचं म्हणणं, मेन्सांनी साक्षीला उभं राहावं. न्यायालयाने ते मानलं नाही आणि मार्च २०२१ मध्ये अर्ज एकमताने फेटाळला. कायद्यातलं मला कळत नाही. पण सुपरवायझरचा राग निकालावर नाही, त्या रिकाम्या पिंजऱ्यावर आहे. "मागच्या वेळचा साहेब बोलला होता ना? मग ही का नाही?" चार वर्षांनंतरही तो तेच विचारतो. मला वाटतं, हरल्याचं दुःख माणूस पचवतो. उत्तर मिळालं नाही, हे मात्र घशात अडकून राहतं.

त्याच निवडणुकीत आणखी एक प्रकार झाला. तोगोच्या सीमेकडच्या सांत्रोकोफी, आक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी या भागातल्या लोकांना जिल्ह्यांच्या फेरआखणीच्या घोळात खासदारासाठी मतच देता आलं नाही. चार वर्षं त्यांना खासदार नव्हता. आत्ता कुठे ग्वान नावाचा नवा मतदारसंघ झाला, संसदेच्या जागा २७५ च्या २७६ झाल्या. न्यायालय आणि यंत्रांबद्दल सगळे बोलतात, या चार भागांबद्दल मात्र मला विचारून विचारून कळलं.

आई, तुझी भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगते. २०२० च्या मतदानाच्या गडबडीत माणसं मेली होती. शेजारच्या बुर्किना फासोत आणि त्यापलीकडे मालीत, नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतलेली. गेल्या सप्टेंबरात एनडीसीने मतदारयादी तपासा म्हणून देशभर मोर्चे काढले, आयोगाने त्रयस्थांकडून तपासणी नाकारली. आमचा सुपरवायझर त्या मोर्चात होता. यादी बोगस आहे, भूत-मतदार आहेत, शपथेवर सांगायचा. आता त्याच यादीवर त्याचा पक्ष दणदणीत जिंकला. मी त्याला म्हटलं, आता भुतांचं काय झालं? तर म्हणतो, "या वेळी भुतंही महागाईला कंटाळली होती." हसू आलं, पण खरी गोम तिथेच आहे. हरलो असतो तर यादी खोटी, जिंकलो म्हणून यादी खरी. हा हिशेब मला कुठल्याच देशात आवडत नाही.

महागाईचं म्हणाल तर त्याने थट्टेत सत्यच सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ५४ टक्के होता, सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले होते. आमच्या टपरीवालीचं वाचे (आपल्या चवळीच्या खिचडीचं चुलतभावंड) त्या वर्षी दुप्पट महाग आणि निम्मं झालं. गंमत बघा, याच महामांना लोकांनी २०१६ ला घालवलं होतं ते विजेच्या लोडशेडिंगवरून. त्याला इथे 'दुमसोर' म्हणतात, म्हणजे बंद-चालू. घरमालकीण म्हणते, अंधारात जेवण तरी होतं, आता उजेडात ताट रिकामं दिसतं. ती मुळात हत्तीवाली, पण यंदा मतालाच गेली नाही. तिच्यासारखे पुष्कळ असणार. मागच्या वेळी ७९ टक्के मतदान झालं होतं, यंदा ६१ च्या आसपास.

बाबा, मारकडवाडीचं तुम्ही विचारलंत. आपल्याच तालुक्यातलं गाव, तुम्ही तिथे दोनदा ड्यूटी केलेली. विधानसभेचा ईव्हीएमवरचा निकाल पटला नाही म्हणून ३ डिसेंबरला त्यांनी आपलं आपण मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून बघायचं ठरवलं, जमावबंदी लागली आणि ते झालंच नाही. ते बरोबर की चूक हे मी इथे बसून ठरवणार नाही. तुमच्या आणि काकांच्या भांडणात तर मुळीच पडणार नाही. फक्त एवढंच की चारच दिवसांनी मी ते पटांगणातलं मोठ्याने मोजणं ऐकलं, आणि मारकडवाडीच्या लोकांना नेमकं काय हवं असेल ते मला कळलं.

७ जानेवारीला महामांचा शपथविधी झाला, अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात. उपराष्ट्राध्यक्षपदी पहिल्यांदाच बाई, जेन नाना ओपोकू-आग्येमांग. त्या माजी शिक्षणमंत्री आणि कुलगुरू. आई, हे खास तुझ्यासाठी. सगळा देश नाचत होता असं मात्र नाही. अक्रातल्या आब्लेकुमा नॉर्थ या मतदारसंघाचा निकाल आज, १२ जानेवारीपर्यंत लागलेला नाही. मोजणीच्या जागी जमाव घुसला, कुठल्या पिंक शीट धरायच्या यावर वाद आहे, आणि नवी संसद त्या जागेच्या खासदाराशिवायच भरली. आमची प्रयोगशाळेतली मदतनीस तिथे राहते. रोज सकाळी मी विचारते, "लागला का?" ती मान हलवते आणि बीकर धुवायला घेते.

तर मला एक कळवा. तुमच्या इतक्या वर्षांच्या ड्यूटीत कधी फॉर्मवर सही राहून गेली होती का? खरं सांगा, आता पेन्शन कुणी काढून घेत नाही. सुपरवायझरला मी म्हटलंय, माझे बाबा केंद्राध्यक्ष होते. तो तुमचं उत्तर ऐकायला थांबलाय.

आई, कुणी येणार असेल तर मेतकूट पाठव. कणीक नको.

तुमची,
ताई