सूचना : रविवारचे स्नेहभोजन आणि पेये

सर्व सभासदांना नमस्कार.

मागच्या वेळी आपल्यातल्या एकांपुढे न विचारताच वाइनचा ग्लास ठेवला गेला. जेवण संपेपर्यंत ते त्या ग्लासापासून हात आखडून बसले होते. मला ते फार लागलं.

इस्लाममध्ये मद्य हराम आहे. बौद्धांच्या पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं, जैनांनाही ते वर्ज्य. यहुदी घरांत मात्र पासओव्हर (वल्हांडण) सणाच्या रात्री वाइनचे चार पेले हा विधीचाच भाग. ख्रिस्ती मंडळींत तर एकाच विधीबद्दल दोन रीती आहेत : कॅथलिक मिस्सेत (उपासनाविधीत) वाइन लागतेच, पण अनेक मेथॉडिस्ट चर्चमध्ये द्राक्षांचा न आंबवलेला रस देतात. तो टिकवण्याची रीत अमेरिकेतले मेथॉडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये काढली. हिंदूंमध्ये मनुस्मृती सुरापानाला महापातक म्हणते, आणि वाममार्गी तंत्राच्या पंचमकारांत, म्हणजे ‘म’ने सुरू होणाऱ्या पाच विधीच्या गोष्टींत, मद्य आहे! तेव्हा नुसत्या आडनावावरून अंदाज बांधू नका.

ग्लास भरण्याआधी विचारा. कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नका, ‘थोडीशी तरी’ असा आग्रह तर नकोच. मद्य वेगळ्या टेबलावर राहील. एखाद्या पदार्थात वाइन घातली असेल, तर भांड्याजवळ तशी चिठ्ठी ठेवा.

– कार्यवाह