बी विंगच्या पार्किंगमधील गोचिडींबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : कुत्री हलवण्याआधी भिंतींच्या भेगांमधील गोचिडींचा बंदोबस्त करण्याबाबत

स.न.वि.वि.

मागच्या सभेत आवारातली कुत्री बाहेर सोडण्याचा विषय निघाला. माझा त्याला विरोध आहे. पशु जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी झालेलं कुत्रं त्याच परिसरात ठेवावं लागतं, हा एक भाग झाला. मुख्य म्हणजे आपला त्रास कुत्री घालवून जाणार नाही.

राणी या कुत्रीच्या कानातून काढलेली गोचीड मी पशुवैद्यांना दाखवली. एकसारखा तांबूस तपकिरी रंग, पाठीवर नक्षी नाही, तोंडाच्या बुडाशी षटकोनी भाग. ही ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस, म्हणजे कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड. सभेत कुणी तिला ढेकूण म्हणालं, पण ढेकणाला सहा पाय असतात, मोठ्या गोचिडीला आठ. रक्त पिऊन फुगली की ती एरंडीच्या बीसारखी राखाडी दिसते.

हिची ओळख पटणं का महत्त्वाचं? बऱ्याच गोचिडी गवतात असतात, ही मात्र घरात, भिंतीत वाढते. आयुष्यात तीनदा रक्त पिते, दर वेळी कुत्र्यावरून उतरून भेगेत शिरते आणि पहिल्या दोन वेळा तिथे कात टाकते. शेवटच्या वेळी मादी तिथेच हजारो अंडी घालते. मोठी गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकते. म्हणून फक्त बागेत फवारणी करून उपयोग नाही. कुत्री हलवली तरी भेगेतल्या गोचिडी तिथेच राहतील आणि लिफ्टकडे जाणाऱ्या आपल्या पाळीव कुत्र्यांवर चढतील.

राणीला एर्लिकिया हा गोचिडीतून होणारा जिवाणूंचा आजार झाला आहे. ताप, नाकातून रक्त, प्लेटलेट्स घसरलेल्या. याच गोचिडीतून बबेसिया हा रक्तपेशींतला परजीवीही पसरतो. माणसाला ती क्वचित चावते, पण चावली तर रिकेट्सिया या जिवाणूंचा ताप येऊ शकतो. खाली मुलं खेळतात, म्हणून मला घाई वाटते.

पार्किंगचे खांब, वॉचमनची केबिन आणि जिन्याखालच्या भेगा आधी सिमेंटने बुजवाव्यात. फवारणी परवानाधारक माणसाकडूनच, भिंतीच्या कडेने आणि छताच्या कोपऱ्यांपर्यंत व्हावी. अंड्यातून नवी पिल्लं निघतात, त्यामुळे फवारणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागेल. परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना घातक असतं, तेव्हा कोणतं औषध वापरणार हे नोटीस बोर्डावर आधी लावावं. कुत्र्यांना त्याच आठवड्यात गोचिडींचं औषध देण्याचं काम मी आणि खाऊ घालणारे इतर रहिवासी करू, खर्चही आमचा.

येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक सदनिकाधारक, बी विंग